शंभर पिल्लं आणि एक एलईडी बल्ब

कुणी गोठ्यात असाल, कुणी एसटीत, कुणी कॉलेजच्या कट्ट्यावर. इअरफोन नीट लावा, कारण आज मी माझी स्वतःची एक चूक सांगणार आहे. महाग पडलेली चूक.

थंडी सुरू झाली की मला एकाच तऱ्हेचे व्हॉइस मेसेज यायला लागतात. "ताई, काल पिल्लं आणली, आज सकाळी चार मेली. कुठलं औषध देऊ?" मागे पिल्लांचा चिवचिवाट ऐकू येत असतो. बोलणाऱ्याचा आवाज घाबरलेला असतो. आणि मी दर वेळी उलटा प्रश्न विचारते, "बल्ब कुठला लावलाय?" समोरच्याला वाटतं, ही काय विचारतेय! म्हणून म्हटलं, एकदा सगळं सविस्तर बोलूनच टाकू.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात. डिसेंबरात पहाटे तोंडातून वाफा निघतात अशी थंडी. बी.कॉम. झाल्यावर मी घरीच होते आणि मोबाइलवर कुक्कुटपालनाचे व्हिडिओ बघून बघून माझ्या डोक्यात ते भरलं होतं. आईने बचतगटातून दहा हजारांचं कर्ज उचललं. तिच्या नावावर, तिच्या सहीने. बाबा एवढंच म्हणाले, "बघा बाबा तुमचं तुम्ही." त्याचा अर्थ काय ते तुम्हाला कळलं असेलच.

एका व्यापाऱ्याकडून एक दिवसाची शंभर पिल्लं घेतली, चाळीस रुपयाला एक. गावठीसारखी दिसणारी, सुधारित जातीची. खोका स्कूटीवर पुढे पायात ठेवला आणि संध्याकाळच्या वाऱ्यात पाऊण तास गाडी चालवत घरी आणली. वाटेत दोनदा थांबले. एकदा फोटो काढायला, एकदा चहाला.

जागा मी व्हिडिओत बघितली तशीच तयार केली होती. पुठ्ठ्याचं गोल कडं, खाली भाताचं तूस, वर वर्तमानपत्र, मधोमध बल्ब. स्टेटस टाकलं, 'नवी सुरुवात'. आजी काठी टेकत बघायला आली. बघितलं आणि म्हणाली, "पोरी, ह्यांना आई नाही गं." मी हसले. म्हटलं, "आजी, बल्ब आहे की!"

सकाळी चार मेलेली. दुसऱ्या सकाळी नऊ. तिसऱ्या सकाळी सतरा.

सतरा पिल्लं एका ओळीत ठेवून बघितली आहेत का कधी? वजन काहीच नसतं. ओंजळीत पाच-सहा मावतात. आई काही बोलली नाही. मोजली, पाटीत भरली आणि खड्डा खणायला परसात गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

आता मी काय केलं ते ऐका. पहिल्या दिवशीच दुकानात जाऊन "पिल्लं मरतायत, काहीतरी द्या" म्हटलं. दुकानदाराने अँटिबायोटिकची पावडर दिली. ती मी अंदाजाने पाण्यात कालवली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर आणखी एक. तिसऱ्या दिवशी व्यापाऱ्याला फोन लावून नाही नाही ते बोलले, आणि तालुक्याच्या कुक्कुटपालनाच्या ग्रुपवर मेसेज टाकला की ह्या माणसाकडून पिल्लं घेऊ नका, रोगट माल देतो. नावानिशी. तीसेक लोकांनी रागाचे इमोजी टाकले. मला जरा बरं वाटलं. पिल्लं मरायची काही थांबली नाहीत.

चौथ्या दिवशी आई म्हणाली, "मेलेलं एक घे, जितं एक घे, आणि जनावरांच्या दवाखान्यात जा." मला वाटलं, कोंबडीच्या पिल्लासाठी कुठे कोण डॉक्टरकडे जातं? पण गेले.

डॉक्टरांनी आधी जितं पिल्लू हातात घेतलं. त्याचे पाय स्वतःच्या गालाला लावले. मग गळ्याखाली बोटाने चाचपलं. मग मेलेलं पिल्लू घेतलं, छोट्या कात्रीने पोट उघडलं आणि मला म्हणाले, "ये, बघ." आत पिवळा गोळा होता, वाटाण्याएवढा. अंड्यातला बलक. पिल्लू अंड्यातून बाहेर येताना तो बलक पोटात ओढून घेतं, आणि पहिले दोन-तीन दिवस त्याचा त्यावर गुजारा होऊ शकतो. त्याच्यामुळेच एक दिवसाची पिल्लं लांब गावाहून खोक्यात येऊ शकतात. चार-पाच दिवसांत हा बलक जवळजवळ संपायला हवा. माझ्या पिल्लाचा तसाच शिल्लक होता. दाण्याची पिशवी रिकामी. बेंबी मात्र साफ, कोरडी.

डॉक्टर म्हणाले, "बल्ब किती वॅटचा?"

"नऊ."

"नऊ म्हणजे? एलईडी?"

"हो."

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बाळ, त्याचा उजेड पडतो. ऊब येत नाही."

मंडळी, एलईडीचा बल्ब आपण घेतोच त्यासाठी. वीज उष्णतेत वाया जात नाही म्हणून तो स्वस्त पडतो. जुना, तारेचा, पिवळा बल्ब बहुतेक वीज उष्णतेत घालवतो, आणि पिल्लाला नेमकी तीच हवी असते. व्हिडिओतला बल्ब पिवळा होता. मी घरात होता तो लावला. लख्ख उजेडात माझी पिल्लं तीन रात्री गारठत होती. गारठलेलं पिल्लू दाण्यापर्यंत जात नाही, पाणी पीत नाही, त्याचा बलक जिरत नाही. एकावर एक चढून चेंगरतात ती वेगळीच. आणि जी थोडीफार पाणी प्यायला गेली, त्यांच्या पाण्यात मी कडू पावडर कालवून ठेवली होती.

डॉक्टरांनी कागदावर तीन ओळी लिहून दिल्या. त्यात औषध एकही नव्हतं. शंभर वॅटचे पिवळे बल्ब दोन. कोमट साधं पाणी. थर्मामीटर.

येताना ते सगळं घेतलं. त्या संध्याकाळी बल्ब लावले आणि अर्ध्या तासात आवाज बदलला. हे मी तुम्हाला कसं सांगू! गारठलेलं पिल्लू मोठ्याने, एकसारखं, टोचल्यासारखं ओरडतं. ऊब मिळाली की बारीक, समाधानाची चिवचिव. तीन दिवस ती ओरडत होती आणि मला वाटत होतं, पिल्लं अशीच ओरडतात.

रात्री दोन वाजता लाईट गेली. आईने चुलीवर पाणी तापवलं, बाटल्यांत भरलं, बाटल्यांना जुनी लुगडी गुंडाळली आणि कड्यात ठेवल्या. वरून गोणपाट, हवेला फट ठेवून. पाणी निवलं की बदलायचं. पहाटेपर्यंत आम्ही दोघी बसलो होतो. अगदी मलूल झालेली पाच-सहा आईने पदरात घेतली होती. त्यातली तीन वाचली.

पुढच्या तीन दिवसांत आणखी सहा गेली, कारण काहींचं नुकसान आधीच झालं होतं. मग मर थांबली. शंभरातली चौसष्ट उरली.

आता तुमच्यासाठी कामाचं. शक्य असेल तर हा भाग दोनदा ऐका.

पिल्लं आणायच्या आधी, निदान आदल्या दिवशी, बल्ब लावून जागा तापवून ठेवा. पिल्लाला साधारण एक ते दोन वॅट धरा, थंडीत दोनच. म्हणजे पन्नास पिल्लांना शंभर वॅट. बल्ब साखळीने किंवा तारेने पक्का टांगा, नुसत्या वायरवर लोंबकळू देऊ नका. खाली तूस असतं, पडला तर आग लागते. थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ठेवा. पहिला आठवडा 35 अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका. तो धूर पिल्लांनाही मारतो आणि राखणीला झोपलेल्या माणसालाही.

थर्मामीटर नसेल तर पिल्लंच सांगतात. सगळी बल्बखाली गोळा झाली असली तर थंडी आहे. बल्बपासून लांब, कडेला, चोच उघडून धापा टाकत असली तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला सरकली असली तर दुसरीकडून वारा येतोय. सगळीकडे विखुरलेली, काही खातायत, काही पाय पसरून झोपलीत, मग तुम्हीही जाऊन झोपा.

आणल्या आणल्या आधी पाणी, मग दाणा. प्रवासाने ती तहानलेली असतात. कोमट पाणी द्या, लिटरला दोन-तीन चमचे गूळ, तेही पहिल्या काही तासांपुरतं. मग साधं स्वच्छ पाणी. थोड्या पिल्लांची चोच हळूच पाण्यात बुडवा, बाकीची बघून शिकतात. भांडं उथळ हवं, त्यात स्वच्छ खडे टाका, म्हणजे पिल्लू पडून भिजणार नाही. वर्तमानपत्र घसरतं, त्यावर पिल्लांचे पाय फाकतात. खडबडीत कागद नाहीतर जुनं पोतं अंथरा.

रात्री झोपायच्या आधी दहा पिल्लं उचलून गळ्याखाली चाचपा. पिशवी भरलेली आणि मऊ असली तर खाल्लंय, प्यायलंय. कडक असली तर पाणी मिळालेलं नाही. रिकामी असली तर दाण्याची जागा नाहीतर ऊब चुकतेय. पाय गालाला लावून बघा. गार लागले तर पिल्लू गारठलंय.

आता खरे आजार. ते नसतातच असं मी म्हणत नाहीये, उलट आहेत म्हणूनच नीट ओळखायला हवेत.

पहिल्या आठवड्यात बेंबी ओली, काळपट, पोट फुगलेलं आणि घाण वास येत असेल, तर तो बेंबीचा संसर्ग. बहुतेकदा उबवणीच्या वेळच्या अस्वच्छतेतून येतो. अशी पिल्लं लगेच वेगळी करा, त्यातली फार वाचत नाहीत. म्हणून घेतानाच पिल्लू उलटं करून बेंबी बघायची. सुकी, मिटलेली हवी.

मागची जागा शेणासारखी चिकटून बंद झाली असेल, तर कोमट पाण्यात कापूस भिजवून हळूहळू सोडवा. ओढू नका, कातडी निघते. पुसून, सुकवून, किंचित तेल लावा. बरेचदा हे थंडी, प्रवास, पाणी कमी पडणं ह्यामुळे होतं आणि पिल्लू तसं तरतरीत असतं. पण पांढरी हगवण, पंख पडलेले, डोळे मिटलेले आणि एकामागून एक मरतायत, असं असेल तर साल्मोनेलाचा आजार असू शकतो. तिथे अंदाज चालत नाही, तपासणीच लागते. साल्मोनेला माणसालाही होतो. पिल्लं हाताळली की साबणाने हात धुवा, आणि रीलसाठी पिल्लाचा पापा घेऊ नका.

तिसऱ्या आठवड्यानंतर विष्ठेत रक्त दिसलं तर रक्ती हगवण. ही माझ्याकडेही आली. चोविसाव्या दिवशी. पाण्याचं भांडं गळत होतं, खालचं तूस ओलं झालं होतं, मी 'उद्या बदलू' म्हणत होते. तिचे जंतू विष्ठेतून पडतात आणि ओल नि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत लागण करायला तयार होतात. ह्या वेळी मी दुकानात गेले नाही. विष्ठेचा नमुना घेऊन सरळ दवाखान्यात. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं आणि अँप्रोलियम लिहून दिलं, किती आणि किती दिवस ते सांगून. ओलं तूस काढून कोरडं टाकलं. दोनच गेली. इथे औषधाने जीव वाचवले, कारण औषध त्याच आजाराचं होतं.

मानमोडी, म्हणजे राणीखेत, आणि गंबोरो ह्यांना मात्र औषधच नाही. मानमोडीत धाप, हिरवी हगवण, मान पिळवटणं. गंबोरोत पिसं फुललेली, पांढरट पातळ हगवण आणि अचानक मर. दोन्ही विषाणू आहेत, त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. त्यांना लसच. मॅरेक्सची लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी द्यायची असते, ती दिली आहे का ते घेताना विचारा. पाच ते सात दिवसांनी लासोटा, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो, पुढे लासोटाचा दुसरा डोस, सहा ते आठ आठवड्यांनी देवीची लस. नेमकं वेळापत्रक तुमच्या भागातल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. लस बर्फात घालून आणायची. खिशात घालून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. आणि आजारी पिल्लांना लस देऊ नका.

अँटिबायोटिकचं एक सांगते. 2019 मध्ये केंद्र सरकारने कोलिस्टिन नावाचं औषध खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना आणि कोंबड्यांना द्यायला बंदी घातली. कारण माणसावर बाकीची औषधं चालेनाशी झाली की डॉक्टर ज्याच्याकडे वळतात, त्यांतलं ते एक. आपण 'असू दे, टाकू थोडं' म्हणून पाण्यात पावडर टाकतो, तेव्हा जंतूंना औषधाची सवय लावत असतो. उद्या तेच औषध आपल्या घरच्या माणसावर चालणार नाही.

मर होत असेल तर नुकतंच मेलेलं पिल्लू पिशवीत घालून, पिशवी बर्फावर ठेवून, काही तासांत दवाखान्यात न्या. फ्रीझरमध्ये गोठवू नका. सोबत एक आजारी जितं न्या. काय सुचत नसेल तर 1962 हा पशुवैद्यकीय मदतीचा टोल फ्री नंबर सेव्ह करून ठेवा. मेलेली पिल्लं ओढ्यात, उकिरड्यावर टाकू नका. खोल खड्डा, चुना, माती. एकदम खूप पक्षी मेले तर पशुसंवर्धन विभागाला कळवायचंच. 2006 साली नंदुरबारमधल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला होता, तिथल्या लोकांना विचारा लपवालपवीची किंमत काय असते. घरी जुन्या कोंबड्या असतील तर नवी पिल्लं लांब ठेवा, आधी पिल्लांचं काम करा, मग मोठ्यांचं.

आता एक राहिलं. तो व्यापारी.

दवाखान्यातून आले त्या दिवशी मी ग्रुपवरचा मेसेज काढून टाकला आणि मनाला समजावलं, झालं, संपलं. पण तीसेक लोकांनी तो वाचला होता. आठवडाभर मला झोप लागेना. शेवटी ग्रुपवरच लिहिलं, 'पिल्लं निरोगी होती, चूक माझी होती, मी एलईडी बल्ब लावला होता.' दोघा-तिघांनी हसण्याचे इमोजी टाकले. एकाने मला स्वतंत्र मेसेज केला, 'ताई, मीपण एलईडीच लावलाय, आता काढतो.' मग व्यापाऱ्याला फोन केला. माफी मागितली. पलीकडे जरा वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "शिव्या द्यायला बरेच जण फोन करतात. परत फोन करणारी तूच." आणि मग म्हणाले, "पुढच्या वेळी सकाळी ये. संध्याकाळी पिल्लं नेऊ नये." हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं, हो. आणि मीही विचारायला हवं होतं.

बासष्ट पिल्लं मोठी झाली. कोंबडे यात्रेच्या सुमारास विकले, बचतगटाचे हप्ते त्यातून गेले. कोंबड्या अंड्यावर आल्या. त्यातली एक उन्हाळ्याच्या आधी खुडूक झाली, तेव्हा आजीने तिला रवणाला बसवलं. पिल्लं निघाल्यावर आजी मला म्हणाली, "हात घाल खाली." मी कोंबडीच्या पोटाखाली हात घातला. काय ऊब असते मंडळी! तिने चोच मारली, ते वेगळं. पण मला तेव्हा कळलं, आजी पहिल्या संध्याकाळी काय सांगत होती. बल्ब, थर्मामीटर, कोमट पाणी, गोणपाट, रात्रीची राखण, हे सगळं मिळून त्या एका कोंबडीचं काम आपण करत असतो. विकतची पिल्लं आणली म्हणजे ते काम आपण अंगावर घेतलं.

तर आज कुणाकडे पिल्लं मरत असतील, तर दुकानात जायच्या आधी दहा मिनिटं पिल्लांजवळ गुडघ्यावर बसा. आवाज ऐका. पाय गालाला लावा. गळ्याखाली चाचपा. बल्बखाली तळहात धरून बघा. मग डॉक्टरांना फोन करा आणि जे बघितलं ते सांगा. त्यांचं अर्धं काम तिथेच होतं.

आणि हा भाग संपल्यावर आधी एक करा, बल्बवर काय लिहिलंय ते वाचून या. चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, पिल्लांचीही.